पन्नासची लेन्स: आधी कुठे उभं राहायचं ते शिका

आमच्या जुन्या घराच्या सोप्यात दुपारी चारच्या सुमारास दारातून उजेड आत येतो आणि जेमतेम अर्धा तास टिकतो. आजी तिथेच सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सने मी तिचे कितीतरी फोटो काढले होते, पण त्या सगळ्यांत मागचं फडताळ, भिंतीवरचं कॅलेंडर आणि कोपऱ्यातली सायकल आजीइतकीच ठळक यायची. पन्नासची लेन्स लावून तिच्यासमोर पहिल्यांदा बसले, तेव्हा पडद्यावर तिचे डोळे दिसले आणि चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा दिसला. फडताळ आणि सायकल मागे विरघळून गेली होती.

त्याला आता दहाएक वर्षं झाली. लग्नाच्या कामासाठी नंतर मोठ्या, महागड्या लेन्स आल्या. तरी घरातून बाहेर पडताना कॅमेऱ्यावर असते ती हीच छोटी ५० एमएम, एफ/१.८. यातलं ५० एमएम म्हणजे फोकल लेंग्थ, हा आकडा जितका मोठा तितकं दृश्य जवळचं आणि अरुंद. एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त उजेड येतो. नवा कॅमेरा घेतलेलं कुणी विचारायला आलं की मी हीच लेन्स सुचवते, आणि ती कशी वापरायची हे ज्या क्रमाने सांगते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

घेण्याआधी चिकटपट्टीचे चार दिवस

प्राईम म्हणजे जिला झूम नाही अशी लेन्स. चेहरा मोठा हवा तर तुम्ही पुढे जायचं, आजूबाजूचं जास्त हवं तर मागे सरायचं. ऐकायला सोपं आहे, पण ते सगळ्यांना मानवतंच असं नाही. म्हणून पैसे घालण्याआधी घरातलीच १८-५५ची किट लेन्स घ्या, झूमची रिंग ५०वर आणा आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून टाका. दोन दिवस तसेच फोटो काढा. मग पट्टी काढून रिंग ३५वर चिकटवा आणि आणखी दोन दिवस काढा. कुठल्या आकड्यावर पाठ भिंतीला कमी वेळा टेकली आणि कुठल्या आकड्यावरचे चेहरे तुम्हाला आवडले, हे एका कागदावर टिपून ठेवा.

भिंतीचं मी उगाच म्हणत नाही. नवशिक्यांसाठीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत क्रॉप सेन्सर असतो (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चिप). फुल फ्रेम म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर. त्यापेक्षा हा लहान, त्यामुळे तीच लेन्स त्याच्यावर अरुंद दिसते. कॅननच्या क्रॉप कॅमेऱ्यावर ५० एमएमला १.६ने गुणायचं, म्हणजे दिसायला ती ८० एमएमसारखी. निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप कॅमेऱ्यांवर १.५ने गुणायचं, म्हणजे ७५. चेहऱ्यांसाठी हे फार छान, पण घरात जागा लागते. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायचा तर कॅमेरा उभा धरूनही साधारण १५ फूट मागे जावं लागतं. आपल्याकडची खोली असते दहा बाय बाराची. ३५ एमएमला तोच फोटो दहा फुटांत बसतो.

त्यामुळे माझं मत असं: क्रॉप कॅमेरा असेल आणि तुम्हाला मुख्यतः माणसांचे चेहरे काढायचे असतील तर ५० घ्या. फ्लॅटमध्ये रांगणारं बाळ, स्वयंपाकघर, घरातले सण हेच जास्त काढणार असाल तर ३५ घ्या. पुढे लिहिलेलं जवळपास सगळं तिलाही लागू आहे, फक्त अंतरं कमी करून वाचा. फुल फ्रेम असेल तर विचार करायलाच नको, ५० दोन्ही कामं करते. ५० एमएमला रोजच्या वापराची लेन्स मानण्याची पद्धतही तिथलीच. १९२५ साली लायकाचा छोटा कॅमेरा बाजारात आला तो ५० एमएम घेऊनच, आणि फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभराचं बहुतेक काम याच फोकल लेंग्थवर केलं.

दुकानात जाताना

लेन्सचं माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायची तिची कडी, तुमच्या कॅमेऱ्याला बसतं का, हे आधी पाहा. कॅननच्या डीएसएलआरला, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याला, ईएफ माउंटची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम लागते. ही २०१५ची, वजन १६० ग्रॅम. कॅननच्या आर मालिकेतल्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याला आरएफ माउंटची घ्या. जुनी ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आर कॅमेऱ्यावर ऑटोफोकससकट चालते, पण आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसत नाही.

निकॉनवाल्यांनी एक अक्षर नीट वाचायचं. ५० एमएम एफ/१.८ 'डी' आणि ५० एमएम एफ/१.८ 'जी' या दोन वेगळ्या लेन्स आहेत. 'डी'मध्ये स्वतःची मोटर नाही, कॅमेऱ्यातली मोटर तिला फिरवते. डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती मोटरच नसते. तिथे 'डी' लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो. सेकंडहँड बाजारात 'डी' स्वस्त मिळते म्हणून खूप जण घेतात आणि घरी आल्यावर लेन्स बिघडलेली आहे असं समजतात. डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतला कॅमेरा असेल तर 'एएफ-एस' लिहिलेलीच घ्या.

इतकी उजेड घेणारी लेन्स एवढी स्वस्त कशी, असं नवे लोक विचारतात. हिची मूळ रचना खूप जुनी आहे. पॉल रुडॉल्फ यांनी १८९६मध्ये झाईस या जर्मन कंपनीसाठी काढलेल्या प्लानार लेन्ससारखी, काचांची दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी मांडणी. ५० एमएमला ती कमी काचांत आणि फार गुंतागुंत न करता जमते. कॅननच्या एसटीएममध्ये सहाच काचा आहेत. स्वस्त आहे म्हणून हिला कमी लेखू नका.

सेकंडहँड घ्यायची असेल तर मोबाईलचा टॉर्च पाठीमागच्या बाजूने काचेत टाका आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, म्हणजे फंगस. लेन्स परत द्या. दोनचार धुळीचे कण दिसले तर काळजी नको. मग कॅमेऱ्याला लावून एफ/१.८, एफ/४ आणि एफ/८वर एकेक फोटो काढून बघा, आणि फोकस जवळून लांब, लांबून जवळ न अडखळता जातो का तेही पाहा.

एफ/१.८ म्हणजे नेमकं काय मिळालं

किट लेन्स ५०वर नेली की तिचं उजेड आत घेणारं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर जास्तीत जास्त एफ/५.६पर्यंत उघडतं. एफ/१.८ला त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. संध्याकाळी खोलीत किट लेन्स शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/१५ सेकंदावर नेत असेल तर ही लेन्स १/१५०च्या आसपास नेईल. १/१५ला माणूस श्वास घेतानाही हलतो, १/१५०ला हसताना पकडता येतो. मागचं धूसर होणं ही वरची कमाई आहे. खरा फायदा हा, की फ्लॅश न मारता घरातल्या उजेडात काम होतं.

पहिल्या दिवशीची सेटिंग

मोड डायल अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा, म्हणजे कॅननवर 'एव्ही', बाकीच्या बहुतेकांवर 'ए'. अ‍ॅपर्चर एफ/२.२ करा. थेट १.८ नको, पूर्ण उघडल्यावर या लेन्स किंचित मऊ, म्हणजे कमी धारदार, पडतात, आणि चकचकीत कडांना जांभळी किनार येते. एफ/२.२ ते २.८ला चेहरा स्वच्छ येतो आणि मागचं धूसरही राहतं. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता, ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ३२०० घाला. ऑटो आयएसओमध्ये कमीत कमी शटर ठरवायची सोय असेल तर ती १/१२५ करा. लहान मुलं असतील तर १/२५०.

रात्री ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्त एलईडीखाली फोटोत आडवे काळसर पट्टे आले तर तो लेन्सचा दोष नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर १/१००वर आणा, पट्टे जातात.

फोकस: डोळ्यावर, आणि फक्त डोळ्यावर

इथे घाई करू नका. नव्या लोकांचे नव्वद टक्के फोटो इथेच वाया जातात, असं मी माझ्या डोळ्यांनी बघून सांगते.

क्रॉप कॅमेऱ्यावर ५० एमएम, एफ/१.८, आणि माणूस एक मीटरवर असेल तर फोटोत स्पष्ट दिसणारी जागा तीन सेंटिमीटरही नसते. नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंत जेवढं अंतर, जवळपास तेवढीच. दोन मीटरवर गेलात तर ती ११ सेंटिमीटर होते. दोन मीटरवर एफ/२.८ केलंत तर १७, एफ/४ला २४. हे आकडे पाठ नसले तरी चालेल, पण जवळ गेलं की जागा किती झपाट्याने कमी होते ते ध्यानात ठेवा. अंतर निम्मं केलं की ही जागा पाव होते.

सुरुवातीला मी एका डोहाळजेवणाचे फोटो काढले होते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं छान दिसत होतं. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले तर प्रत्येक फोटोत नथ धारदार, मोत्यामोत्यावरची चमक मोजता येईल इतकी, आणि डोळे मऊ. फोकसचे सगळे बिंदू मी चालू ठेवले होते. कॅमेऱ्याला जी गोष्ट सगळ्यात जवळ आणि सगळ्यात चमकदार, तिथे त्याने फोकस लावला. त्या ताईंना ते फोटो देताना मला फार वाईट वाटलं. तो दिवस परत येणार नव्हता.

तेव्हापासून मी हे पाळते आणि तुम्हीही पाळा. मिररलेस असेल तर 'आय डिटेक्शन' चालू करा आणि चौकट डोळ्यावर बसली आहे ना ते बघूनच बटण दाबा. चष्मा असेल तर चौकट कधीकधी फ्रेमवर बसते, तेवढं तपासा. डीएसएलआर असेल तर एकच फोकस बिंदू निवडा, तो बाणांच्या बटणांनी सरकवून तुमच्याजवळच्या डोळ्यावर ठेवा. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करून मग कॅमेरा फिरवून फ्रेम लावायची सवय किट लेन्सवर खपून जाते. इथे कॅमेरा फिरवताना फोकस डोळ्यावरून सरकतो, म्हणून बिंदूच हलवा. फोकस लागल्यावर लगेच शटर दाबा. माणूस बसल्या बसल्या पुढेमागे डुलतो, आणि तुम्हीही डुलता. लागोपाठ तीन फोटो घ्या, त्यातला एक नक्की लागतो. प्रत्येक चारपाच फोटोंनंतर पडद्यावर डोळा पूर्ण मोठा करून बघा. नुसता फोटो बघून काही कळत नाही.

आता अंतर

या लेन्सने मला शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही. झूम असताना आपण एका जागी उभं राहून रिंग फिरवतो आणि चेहऱ्याला काय होतंय ते आपल्या लक्षातच येत नाही. चेहऱ्याचा आकार बदलतो तो अंतरामुळे. दोन फुटांवरून काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठं, कान मागे गेलेले. मोबाईलच्या सेल्फीत आपण आपल्याला वेगळे दिसतो ते त्यामुळेच. चारपाच फुटांवरून काढला की माणूस घरच्यांना जसा रोज दिसतो तसा येतो.

क्रॉप कॅमेऱ्यावर ५० एमएम लावून, कॅमेरा उभा धरून, डोकं आणि खांदे फ्रेममध्ये घ्यायचे तर तुम्ही आपोआप साडेचार फुटांच्या आसपास उभे राहता. चेहऱ्याला मानवणारं अंतर हेच, आणि बोलायलाही हेच सोयीचं. समोरच्याला कॅमेरा अंगावर आल्यासारखा वाटत नाही आणि आवाज चढवावा लागत नाही. ओट्यावर बसून दोन माणसं गप्पा मारतात तेवढंच हे अंतर आहे. म्हणूनच मी या लेन्सवर इतका जीव टाकते. फुल फ्रेमवर मात्र तीच फ्रेम पावणेतीन फुटांवरून बसते, ते चेहऱ्याला जरा जवळ होतं. तिथे मागे सरा, कमरेपर्यंत घ्या, हातही येऊ द्या.

मागचं धूसर करायचं असेल तर तिथेही अंतरच बघायचं. माणसाला भिंतीला टेकवून उभं केलं तर एफ/१.८लाही भिंतीचे पोपडे दिसणार. त्याला भिंतीपासून आठदहा फूट पुढे आणा, तुम्ही जवळ जा, आणि एफ/२.८लाही मागचं विरघळेल. पण प्रत्येक वेळी विरघळवूही नका. कुंभाराच्या मागे त्याची मडकी असतील, शिक्षिकेच्या मागे फळा असेल, तर एफ/४, एफ/५.६ करा. ते त्या माणसाचंच आहे, फोटोत राहू द्या.

दोघांचा फोटो असेल तर दोघांचे डोळे तुमच्यापासून सारख्या अंतरावर येतील असं बसवा आणि एफ/४ करा. मागेपुढे दोन ओळी असतील तर एफ/५.६ किंवा ८.

उजेड कुठून येतोय

माणसाला खिडकीजवळ किंवा उघड्या दारात बसवा, चेहरा खिडकीकडे अर्धवट वळवा, आणि खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. ट्यूबचा आणि दिवसाचा रंग वेगळा असतो. दोन्ही असले की एक गाल निळसर आणि एक हिरवट येतो, मग कितीही दुरुस्त करा, जमत नाही. बाहेर असाल तर भर दुपारी उन्हात न काढता ओसरीच्या किंवा झाडाच्या सावलीच्या कडेला उभं करा, तोंड मोकळ्या आभाळाकडे.

पांढरं धोतर, पांढरी टोपी, पांढरा सदरा घातलेले आजोबा फ्रेमभर असतील तर कॅमेरा त्या पांढऱ्याला घाबरून सगळाच फोटो काळवंडून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ किंवा गडद करायची सोय, +२/३ करा. उलट, अंधाऱ्या माजघराच्या दारात कुणी उजेडात बसलं असेल तर −२/३, नाहीतर चेहरा पांढराफटक येईल.

रोजच्या वापरात

मी कोल्हापुरात राहते. सकाळी पंचगंगेच्या घाटावर किंवा मंडईत जाते तेव्हा एफ/५.६, शटर १/२५० धरते आणि अंतर ठरवून चालते. दहाबारा फुटांवरून भाजीवाली आणि तिच्या जुड्यांची रास दोन्ही येतात, पाच फुटांवरून फक्त ती. ही लेन्स लहान दिसते, लोक बिचकत नाहीत. तरी विचारून काढा. होकार मिळाला की माणूस मोकळं होतं, आणि पहिल्या फोटोपेक्षा चौथा जास्त त्याचा येतो.

जेवणाच्या ताटाचा फोटो हवा असेल तर कॅननची एसटीएम ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, निकॉनची 'जी' ४५पर्यंत. वाटीतल्या आमटीवरची फोडणी टिपायला तेवढं पुरतं, त्याहून जवळचं काम या लेन्सचं नाही. मोठी देवळं, वाडे, गडावरून दिसणारं सगळं खोरं यासाठीही ती नाही. त्यासाठी किट लेन्सची १८ची बाजू वापरा. किट विकू नका.

पावसाळ्यात

कोकणात, मुंबईत, आणि आमच्या इथे जून ते सप्टेंबर बुरशीचे महिने. लेन्स चामड्याच्या केसमध्ये किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. सिलिकाचा रंग बदलला की पुड्या बदला. पावसात भिजून आलात तर लेन्स आधी बाहेरून कोरडी पुसा, तासभर पंख्याखाली ठेवा, मगच डब्यात. पुढच्या काचेला बोट लागू नये म्हणून हूड, म्हणजे लेन्सच्या पुढे बसणारी कडी, लावाच. एसटीएमचा पुढचा नळा फोकस करताना बाहेर येतो, धक्का लागला तर हूड तो धक्का आधी झेलतं.

पहिला महिना

घरातलं एकच माणूस निवडा आणि एकच खिडकी. आठवड्यातून दोनदा त्याच वेळी बसा. पहिल्या दिवशी अ‍ॅपर्चर एफ/२.८वरून हलवायचंच नाही. तीन फूट, साडेचार, सहा आणि नऊ फुटांवरून प्रत्येकी पाच फोटो. फरशीवर खडूने खुणा करा म्हणजे अंदाज चुकणार नाही. दुसऱ्या दिवशी साडेचार फुटांवरच उभं राहून एफ/१.८, २.८, ४, ५.६. तिसऱ्या दिवशी माणसाचं मागच्या भिंतीपासूनचं अंतर बदला, म्हणजे त्याची खुर्ची पुढे ओढत न्या. चौथ्या दिवसापासून काही ठरवू नका, नुसतं बोलत बसा आणि मधूनच काढा.

महिनाअखेर त्यातले दहा फोटो चार बाय सहाचे प्रिंट करून आणा आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने अंतर लिहा. मग ते त्या माणसाच्या हातात द्या आणि त्याला स्वतःचा कुठला आवडतो ते विचारा. आजीने उचलला होता तो पाच फुटांवरचा. तिच्या मते त्यात ती तिच्या आईसारखी दिसत होती. तो अजून तिच्या पेटीच्या झाकणाला आतून लावलेला आहे.